पान उलटं करून फोटो टाका

«ताई, मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. आमच्या भागातल्या बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो, चारशेच्या वर माणसं आहेत. गेल्या फळछाटणीनंतर पावसाळी हवा होती, तेव्हा एका जुन्या, मानाच्या बागायतदारांनी (आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो) पानाचा फोटो टाकला आणि लिहिलं, ‘भुरी आलीय. मी गंधक मारलं. ज्यांच्याकडं दिसतीय त्यांनी मारून घ्या.’ दोन मिनिटांत कृषी पदवी झालेल्या एका पोरानं लिहिलं, ‘अण्णा, ही भुरी नाही, डाऊनी आहे. गंधकानं डाऊनी जात नाही. चुकीची माहिती पसरवू नका.’ (भुरी आणि डाऊनी, दोन्ही द्राक्षावरचे बुरशीचे रोग.) झालं! ‘तुझी बाग किती वर्षांची रं?’ इथून सुरुवात होऊन रात्री बारापर्यंत जुंपली. अण्णा ग्रुप सोडून गेले. मी दुसऱ्या दिवशी नियम केला, कुणी कुणाच्या पोस्टवर टीका करायची नाही, सांगायचं असेल तर पर्सनलला सांगा. तेव्हापासून शांतता आहे, पण आता नुसते अंगठे आणि ‘लय भारी दादा’. त्यात काही जण, आणि एक औषध दुकानदारही, त्या पोराला काढा म्हणून मागं लागलेत. अण्णा माझ्या चुलत्यांचे साडू. शिवाय कुणीतरी घातलंय डोक्यात, की ग्रुपवर काही झालं तर केस ॲडमिनवर पडते. काय करू?»
— एक ॲडमिन, तासगाव तालुका

भाऊ, पोराला काढू नका. नियम मात्र काढा. आणि हे खरडछाटणीच्या, म्हणजे एप्रिलच्या छाटणीच्या, आत करा, एकदा त्या कामाची धांदल सुरू झाली की तुम्हालाही वेळ नाही आणि ग्रुपलाही नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात अण्णांचा मान आहे, पोराचा उद्धटपणा आहे, साडू आहेत, दुकानदार आहे, केस आहे. एक गोष्ट नाही. ते पान भुरीचं होतं की डाऊनीचं?

चारशे बागायतदार रात्री बारापर्यंत जागे राहिले आणि ‘अण्णा, पान उलटं करून एक फोटो टाकता का’ एवढं विचारायचं कुणाला सुचलं नाही. डाऊनी असेल तर पानाच्या वरच्या अंगाला पिवळसर, तेलकट डाग आणि दमट हवेत त्याच जागी खालच्या अंगाला पांढरी बुरशी, हे तुमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. भुरी राख भुरभुरल्यासारखी, वरच्या अंगालाही दिसते. गंधक भुरीवर चालतं, डाऊनीवर चालत नाही, हेही खरं. म्हणजे वाद मिटवायला दहा सेकंद लागले असते. तो मिटला नाही, कारण पहिल्या पाच मिनिटांतच पान बाजूला पडलं आणि कुणाची बाग किती वर्षांची हे सुरू झालं.

आता पोराचा मेसेज नीट बघा. तीन वाक्यं आहेत. पहिल्या दोन वाक्यांत रोग आहे आणि औषध आहे. बरोबर असोत वा चूक, ती तपासता येतात. तिसरं वाक्य, ‘चुकीची माहिती पसरवू नका’, हे पानाबद्दल नाही, अण्णांबद्दल आहे. ते तपासता येत नाही, त्याला फक्त उत्तर देता येतं, आणि ते उत्तर काय आलं ते तुम्ही बघितलंत. पोराला बोलावून एवढंच सांगा, की बाबा तुझी पहिली दोन वाक्यं आम्हाला रोज पाहिजेत, तिसरं खोडत जा. आणखी जमलं तर दुसऱ्याचाही प्रश्न कर. ‘खालच्या बाजूला पांढरं दिसतंय का बघा अण्णा, असेल तर डाऊनी वाटते, मग गंधकानं भागायचं नाही.’ असं लिहिलं असतं तर अण्णांनी स्वतः बागेत जाऊन पान उलटलं असतं आणि कदाचित स्वतःच ग्रुपवर लिहिलं असतं. पंचवीस-तीस वर्षं बाग सांभाळलेला माणूस पानावर विश्वास ठेवतो. पोरावर ठेवलाच पाहिजे असं नाही.

हे सगळं पोराला सांगा, पण सगळ्यांसमोर नाही. त्याला भर ग्रुपवर समज दिलीत तर बघणारे बाकीचे एकच शिकतील, की इथं हरकत घेतली की ॲडमिन खडसावतो.

तुमच्या नियमाबद्दल मला जास्त काळजी आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. ‘काही सांगायचं तर पर्सनलला सांगा’ हे ऐकायला सुसंस्कृत वाटतं, आणि नवरा-बायकोच्या भांडणात ते योग्यही आहे. फवारणीच्या सल्ल्यात ते घातक आहे. समजा कुणी चुकीचं औषध सांगितलं. ज्याला चूक दिसली त्यानं त्याला फोन करून सांगितलं, त्यानं मान्य केलं, दोघांचं प्रेम वाढलं. आणि तो मेसेज? तो ग्रुपवर तसाच आहे. सकाळी पाच वाजता फवारणीचा ब्लोअर जोडायच्या आधी मोबाइल बघणाऱ्या बाकीच्यांना दिसतं की एवढ्या जाणत्या लोकांच्या ग्रुपवर हे सांगितलंय आणि कुणी काही बोललेलं नाही. चुकीला तुमच्या ग्रुपचा शिक्का बसला. टीका बंद केली की सल्ले कमी होत नाहीत, फक्त त्यातला कुठला तपासलेला आणि कुठला नाही हे कळेनासं होतं.

आणि यात कोण बुडतं? तुमचे मोठे बागायतदार बुडत नाहीत. त्यांचा सल्लागार ठरलेला असतो, तो प्लॉटवर येऊन जातो. ज्यांची एकमेकांशी ओळख आहे ते फोनवर बोलून घेतात. बुडतो तो एक एकरवाला, ज्यानं तीन वर्षांपूर्वी ऊस मोडून द्राक्ष लावलं, ज्याला फोन करायला कुणी नाही आणि ज्याच्यासाठी तुमचा ग्रुप हाच सल्लागार आहे. तुमच्या शांततेची किंमत तो भरतो, आणि तो तक्रारही करणार नाही, कारण त्याला कळणारच नाही की दुसरं काही सांगणारा माणूस त्याच ग्रुपवर गप्प बसून होता. फुलोऱ्याच्या सुमारास डाऊनी घडावर गेली की गंधकाचे पैसे गेले याचं दुःख कुणाला नसतं. मधले चार दिवस गेले, त्याचं असतं.

घरात हरकत घेतली नाही तर ती बाहेरून येते, हे तर द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको. २०१० आठवा. युरोपात गेलेल्या द्राक्षात सीसीसीचा, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि माल अडकला. वाढ रोखायला ते वर्षानुवर्षं वापरात होतं, आणि आपल्याकडं निर्यातीच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. म्हणजे इथं कुणी तो प्रश्न विचारलाच नव्हता. विचारला तो गिऱ्हाइकानं, माल तिकडं पोहोचल्यावर. गिऱ्हाईक कधी ‘चुकीची माहिती पसरवू नका’ असं म्हणून तुमचा अपमान करत नाही. ते सरळ माल नाकारतं. बेदाण्याचं तरी काय वेगळं आहे? सौद्यात व्यापारी हातात चार मणी घेतो, रंग बघतो, दाबून बघतो आणि भाव बोलतो. टीकाच असते ती, फक्त रुपयांत. त्यापेक्षा पोराची बरी.

मग कशावरही, कुणीही, काहीही बोलावं का? नाही. माझी कसोटी एकच आहे. समोरचा मेसेज वाचून उद्या सकाळी कुणी आपल्या बागेत काही करणार आहे का? करणार असेल तर त्यावर प्रश्न विचारायचा सगळ्यांना हक्क आहे, मग तो मेसेज अण्णांचा असो, तुमचा असो, नाहीतर पुण्याजवळ मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्रातून आलेला असो. कुणी काही करणार नसेल तर गप्प बसा. एखाद्यानं पहिली गाडी भरल्याचा, पेट्यांपुढं उभ्या असलेल्या आईचा फोटो टाकला, तर त्याखाली ‘मण्यांची साइज कमी पडली, जीएचं (मणी फुगवायच्या संजीवकाचं) डिपिंग उशिरा झालं वाटतं’ असं लिहिणारा माणूस शास्त्रज्ञ असला तरी त्याला कुणीतरी आवरायला पाहिजे. तिथं ‘लय भारी दादा’ हेच बरोबर उत्तर आहे. काही ॲडमिन यावर दोन ग्रुप काढतात, एक कौतुकाचा आणि एक चर्चेचा. तसं करू नका. महिन्याभरात सगळे कौतुकाच्या ग्रुपवर सापडतील.

आणखी एक जात आहे, तिला मी टीका म्हणतच नाही. गारपीट होऊन गेल्यावर, बाग झोपल्यावर, ‘मी आधीच म्हणलो होतो’ म्हणणारी. आधी म्हणाला असशील तर तो मेसेज दाखव, नसशील तर पुढच्या वर्षी वेळेत म्हण. आणि तिसरी जात आपल्या सांगली जिल्ह्याची खास, बोलणं औषधावर आणि नेम सोसायटीच्या निवडणुकीवर. दोन गटांतली माणसं बोर्डो मिश्रणातल्या मोरचूद-चुन्याच्या प्रमाणावरून भांडायला लागली की समजावं, चुन्याचा काही संबंध नाही. असला मेसेज सरळ काढून टाका. २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, ते बटण याच्यासाठीच आहे असं समजा. प्रामाणिक हरकत काढायला मात्र ते वापरू नका.

आता दुकानदार. त्याचं नाव तुम्ही पत्रात अगदी ओझरतं घातलंय, ‘एक औषध दुकानदारही’, जणू तो मोजणीपुरता आहे. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘हे औषध इथं चालणार नाही’ असं उघड बोलणारा पोरगा दुकानदाराला का नको असतो, हे तुम्हाला मी सांगायला हवं असं नाही. तुमच्या ग्रुपवर त्याच्या वहीत नाव असलेली माणसं किती आहेत याचा अंदाज घ्या. छाटणीपासून माल निघेपर्यंत औषध उधारीवर येतं. ज्याची उधारी आहे त्याच्या औषधाबद्दल चारचौघांत शंका काढायची कुणाची छाती होते? अशी माणसं वाईट नसतात, अडकलेली असतात. म्हणून तुमच्या ग्रुपवर टीका करू शकणारी माणसं मुळातच थोडी आहेत. ज्याची उधारी नाही, ज्याचं पद नाही, ज्याला सोयरीक जपायची नाही असा एखादाच. तो पोरगा त्यातला आहे. त्याला काढलंत तर ती खुर्ची रिकामी राहील, कारण बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना तिच्यावर बसणं परवडत नाही.

दुकानदारालाही काढायची गरज नाही. चांगले दुकानदार असतात, कुठल्या गावात रोग कुठवर आला हे त्यांना गिऱ्हाइकावरून सगळ्यात आधी कळतं आणि ती माहिती सोन्यासारखी असते. फक्त एक करा. जो कुणी स्वतः विकत असलेलं औषध सुचवेल त्यानं त्याच मेसेजमध्ये तसं लिहायचं, ‘हे माझ्याकडं मिळतं.’ आणि औषध द्राक्षासाठी लेबल क्लेममध्ये आहे का, म्हणजे द्राक्षावर वापरायला त्याला मान्यता आहे का, आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे विचारण्याचं काम तुम्ही स्वतः करा, प्रत्येक वेळी, दुकानदार असो की अण्णा. सदस्यानं विचारलं की तो त्याच्या वाइटावर आहे असं वाटतं, ॲडमिननं विचारलं की ती पद्धत होते. चार आठवड्यांत लोक न विचारता लिहायला लागतील. तुमच्या उधारीचं काय, ते तुमचं तुम्ही बघा.

अण्णांशी फोनवर बोलू नका, घरी जा. पोराला पहिल्याच भेटीत बरोबर नेऊ नका. ‘त्याच्या वतीनं मी माफी मागतो’ असं तर अजिबात म्हणू नका. तसं म्हटलंत की पोरगा चुकला होता हे तुम्ही ठरवून टाकलं, आणि ते तर तुम्हाला माहीतच नाही. तुम्हाला ज्याचं वाईट वाटलं तेवढंच बोला: बोलणं तुमच्यापर्यंत नीट आलं नाही, मी ॲडमिन असून मध्ये पडलो नाही, रात्रभर बघत बसलो. हे खरं आहे, आणि अण्णांना ते कळेल.

‘तुझी बाग किती वर्षांची’ हा प्रश्नही अगदी टाकाऊ नाही बरं का. तास-ए-गणेश ही जात प्रयोगशाळेतून आली नाही, तुमच्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन या बिनबियांच्या जातीतून निवडून काढली. रोज वेलीखाली उभं राहणाऱ्या डोळ्यालाच असला वेगळा वेल दिसतो, पदवीला नाही. काडी किती ठेवायची, कुठला डोळा घड देईल, या जमिनीला पाणी कधी तोडायचं, यात अण्णांचं वय बोलतं. पानावर कुठला रोग आहे यात मात्र ते बोलत नाही, तिथं पानच बोलतं. पोराला पहिलं पटवा आणि अण्णांना दुसरं. दोन्ही सोपं नाही.

अण्णांना ग्रुपवर परत बोलावण्यापेक्षा त्यांच्या बागेत शिवारफेरी ठेवा. खरडछाटणीच्या वेळी दहा-पंधरा जण, त्यात तो पोरगाही. तुम्ही शिवारफेऱ्या पाहिल्यात, तिथं माणसं एकमेकांना काय काय बोलतात! ‘ओलांडा (वेलीची तारेवरची आडवी फांदी) वाकडा गेलाय की राव’, ‘एवढी गर्दी कशाला ठेवली’. कुणी रागावत नाही, कारण बोलणारा तुमच्या बांधावर उभा आहे, तुमच्या घरचा चहा प्यालाय आणि बोलताना त्याचा हात वेलीवर आहे. तेच वाक्य मोबाइलवर आलं की त्यातला चहा आणि हात दोन्ही निघून जातात आणि नुसता वाकडा ओलांडा उरतो. ज्यानं ज्याची बाग एकदा पाहिली आहे त्याला तो सहसा ‘चुकीची माहिती पसरवू नका’ असं लिहीत नाही. अण्णा फेरीनंतर ग्रुपवर आले तर उत्तम. नाही आले तर ओढू नका. चुलत्यांना मध्ये घालू नका, साडवांचा मामला आणखी बिघडेल.

नियम काढल्याचं ग्रुपवर सांगताना मोठं निवेदन लिहू नका, ते कुणी वाचत नाही. मी असं लिहीन: «टीका करायची नाही हा नियम आजपासून रद्द. ज्यानं फवारणी सांगितली त्यानं पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, छाटणीची तारीख आणि आठ दिवसांनी त्याच वेलीचा परत फोटो टाकायचा. शंका असेल तर इथंच विचारा. औषधावर बोला, माणसावर नको.» आठ दिवसांनी फोटो टाकण्याचं कलम मी मुद्दाम घातलंय. तुमच्यासारख्या ग्रुपवर सल्ले हजार येतात, पण त्याचं पुढं काय झालं हे कुणी लिहीत नाही, आणि मग प्रत्येक हंगामात तोच वाद नव्यानं होतो. दुसरा फोटो आला की पोरगा चुकला असेल तर तोही तिथंच दिसेल. चुकेल कधीतरी, पदवी असली तरी. तेव्हा त्याला कोण कसं बोलतं यावर लक्ष ठेवा, कारण अण्णांची माणसं त्या दिवसाची वाट बघत असणार.

नियमानंतरचा पहिला फोटो तुमच्या स्वतःच्या बागेचा टाका, आणि जिथं घड नीट आले नाहीत त्या ओळीचा टाका. ‘इथं काय चुकलं असेल?’ विचारा आणि जे येईल त्याला ‘बरं, बघतो’ म्हणा. स्वतःचं समर्थन करू नका, कितीही वाटलं तरी. ॲडमिनलाही चुकलं म्हणता येतं आणि आभाळ कोसळत नाही, हे लोकांना एकदा दिसू द्या.

राहिली केस. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्पष्ट म्हटलंय की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, ॲडमिनचा त्यात सामाईक हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं होतं. तेव्हा डाऊनी की भुरी यावरून तुम्हाला कुणी कोर्टात नेत नाही. धर्म-जातीवरून भडकवणारं किंवा कुणाच्या घरच्या बाईबद्दल काही आलं तर मात्र वाट बघू नका. स्क्रीनशॉट जपून ठेवा, मेसेज काढा, माणूसही काढा, आणि गरज वाटली तर तालुक्यातल्या वकिलाला विचारा.